इंजिन तीन आठवड्यांपूर्वीच झालं होतं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आकडे. ती वाचत होती, मी ऐकत होतो.

सकाळचे दहा वाजले असतील. पाया लेबार स्टेशनला उतरून पुढं बसनं दहा मिनिटं गेलं की गाळ्यांची एक मोठी इमारत आहे, वरपासून खालपर्यंत सगळी गॅरेजं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात माझी बायको ऑइलच्या उपड्या डब्यावर बसली होती. डब्यावर घरून आणलेली उशी, मांडीवर शंभर पानी वही, समोर स्टुलावर लॅपटॉप. मधे एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, तिचं मागचं चाक लोखंडी रोलरवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळते. ॲक्सिलेटर माझ्या हातात. मी इंजिन एका सुरात धरलं की ती स्क्रीनवरचा आकडा ओरडून सांगायची आणि वहीत लिहायची.

"तीन हजाराला दोन पॉइंट चार!"

"मोठ्यानं!"

"दोन पॉइंट चार! किती ओरडू? बहिरे तुम्ही, घसा माझा जातोय."

बहिरा मी आहेच थोडा. चाळीस वर्षं सायलेन्सरपाशी कान नेला, दुसरं काय होणार. इंजिनाचं बारीकसारीक ऐकू येतं, माणसांचं तेवढं येत नाही.

गाडी आमची नव्हती. आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर एक मलाय म्हातारा राहतो, त्याची. गाळाही त्याचाच. त्याची माझी ओळख झाली ती खाली पार्किंगमध्ये. मुलानं आम्हाला कराडहून इकडं परदेशात आणून तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत मी काय केलं विचाराल तर लिफ्टनं खाली गेलो आणि लिफ्टनं वर आलो. एक दिवस हा म्हातारा किकवर किक मारत होता आणि गाडी नुसती खोकत होती. मी लांबूनच ऐकलं. जवळ गेलो, बोटानं दाखवलं, कार्बोरेटरच्या मागची पातळ पत्ती तुटली असणार. त्यानं उघडलं तर टोक गेलेलं. म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "यू एक्स्पर्ट, अंकल." तो स्वतः माझ्याएवढाच, पण मला अंकल.

कराडला स्टँडच्या मागं माझं गॅरेज होतं. टू-स्ट्रोक गाड्या गेल्या आणि गिऱ्हाईकही गेलं. नव्या गाड्यांना मशीन लावून दोष काढतात, माझ्या कानाला कोण विचारतो? गाळा विकला, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे, काचेचं. कराडला परत जायचं म्हणजे रोज सकाळी त्या काचेसमोरून दूध आणायला जायचं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

म्हाताऱ्याच्या मनात एक होतं. इथं जुन्या धूर टाकणाऱ्या गाड्या लवकरच रस्त्यावरून काढणार आहेत. त्याला वाटायचं, कार्बोरेटर काढून पेट्रोलचं इंजेक्शन बसवलं, धूर कमी झाला, तर परवानगी मिळेल. इथं गाडीत काहीही बदलायचं तर कागद लागतो. कागद त्याच्याकडं, इंजिन माझ्याकडं, अशी वाटणी झाली. माझ्या इथं राहायच्या पासवर मला नोकरी करता येत नाही, आणि मला पैसे नकोच होते. कुणीतरी विचारतंय हेच पुष्कळ झालं होतं.

आता कार्बोरेटर म्हणजे सरळ गोष्ट. आत जाणारी हवा जाता जाता पेट्रोल ओढून घेते. स्क्रू अर्धा फेरा इकडं, अर्धा तिकडं, कान लावायचा, प्लग काढून रंग बघायचा. चहासारखा तांबूस रंग आला की झालं काम. इंजेक्शनमध्ये हवा काही ओढत नाही. पंप पेट्रोल ढकलतो आणि एक बारीक तोंड किती वेळ उघडं ठेवायचं ते एक छोटी डबी ठरवते. त्या डबीला आपण आधी सांगून ठेवायचं, इंजिनाचे इतके फेरे असतील, ॲक्सिलेटर इतका असेल, तर तोंड इतका वेळ उघड. असा आकड्यांचा मोठा तक्ताच असतो, शाळेतल्या पाढ्यांसारखा. मी चौथीतून शाळा सोडली. शिवाय डोळ्यांत मोतीबिंदू. तक्ता बघूनच मी म्हणालो, हे काय आपल्याच्यानं होत नाही.

बायको सातवी पास. ती म्हणाली, "आकडे मी वाचते. तुम्ही कान लावा."

असं तीन म्हाताऱ्यांचं गॅरेज सुरू झालं. मी अंगठा वर केला की पेट्रोल वाढवायचं, खाली केला की कमी. मलाय म्हातारा एका बोटानं आकडा बदलायचा. बायको वाचून वहीत मराठी आकड्यांत उतरवायची, कारण एकदा लॅपटॉप मधेच बंद पडून आठ दिवसांचं काम गेलं होतं. आम्हाला मलाय येत नाही, त्याला हिंदी येत नाही. तरी ती त्याच्याकडून दोन शब्द शिकली. 'सिकित लागी' म्हणजे अजून थोडं, आणि 'चुकुप' म्हणजे पुरे. घरी मी तिसऱ्यांदा भात मागितला की म्हणायची, "चुकुप! पोट बघा."

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली होती. टू-स्ट्रोकच्या टाकीत पेट्रोलबरोबर ऑइल ओतायचं ही चाळीस वर्षांची सवय. इंजेक्शनला ऑइल वेगळ्या पंपातून द्यावं लागतं. माझा हात सवयीनं गेला आणि टाकीत डबा रिकामा झाला. आठवडाभर गाडी उभी होती, तेवढ्यात ते बारीक तोंड चिकटून बसलं. ती इतकी हसली की उशीवरून घसरली. "भाजीत दोनदा मीठ घातल्यावर माझ्यावर ओरडता ना?"

दुसरी चूक मोठी. टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पडायला लागलं की ते आधी कुरकुरत नाही, उलट एकदम मोकळं पळतं, आवाज गोड होतो, आणि मग एका क्षणात पिस्टन धरतो. हे मला माहीत होतं. पोरांना शिव्या देऊन शिकवलं होतं मी हे. तरी त्या दिवशी इंजिन असं गोड वाजायला लागलं की मी ॲक्सिलेटर सोडलाच नाही. ऐकत बसलो. खाडकन चाक थांबलं. नवा पिस्टन येईपर्यंत महिना गेला. मलाय म्हातारा चहा घेऊन आला फक्त.

मधल्या काळात कराडहून फोन यायला लागले. बायकोची धाकटी बहीण, विधवा, आमच्या गल्लीतच राहते. साखरेनं तिच्या डोळ्यांचे पडदे जायला लागले होते. रोज दुपारी फोन. "आक्का, दिसतंय तोवर ये गं. तुझं तोंड बघू दे."

बायकोनं मला सांगितलं. मी म्हणालो, "इंजिन झालं की तिकीट काढू. असं अर्धवट टाकून कसं जायचं? त्या माणसाला काय वाटेल?"

तिला ते पटलं. कामाची जबाबदारी तिला कळायची. मुलानंही सांगितलं होतं, "बाबा, तारीख सांगा फक्त, मी बुकिंग करतो." तारीख सांगायची ती मी.

आणि मग इंजिन झालं.

शुक्रवार होता. मलाय म्हातारा नमाजाला गेला होता, बायको बाटल्या भरायला खालच्या नळावर. मी एकटाच. किक मारली, पहिल्या किकला चालू. हळू, मध्यम, पूर्ण, सगळ्या ॲक्सिलेटरला एकसारखं. धूर बघितला, निळी रेघसुद्धा नाही. बंद करून प्लग काढला. तांबूस. पुन्हा लावून पळवलं, पुन्हा काढला. तांबूस. चाळीस वर्षांत इतकं नीट लागलेलं टू-स्ट्रोक मी पाहिलं नव्हतं, आणि ते मी लावलं होतं.

जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला. मी प्लग बसवला, हात पुसले.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"मिसिंग आहे अजून, मधेच ठोका चुकतोय," मी म्हणालो.

मी खोटं का बोललो? लोकांना सांगायला कारणं पुष्कळ आहेत. खरं एकच. इंजिन झालं की मी पुन्हा लिफ्टवाला म्हातारा. त्याच्या पुढं कराड, आणि ते काचेचं दुकान. मला सकाळी उठून जायला जागा हवी होती, आणि तिथं कुणीतरी 'एक्स्पर्ट' म्हणणारं. मेहुणीचे डोळे जातायत हे मला माहीत होतं. मी म्हटलं, आठ दिवसांनी काय बिघडतंय. आठाचे पंधरा झाले, पंधराचे एकवीस.

रोज जायचो. एक आकडा वाढवायचो, दुसऱ्या दिवशी तोच कमी करायचो. अंगठा वर, अंगठा खाली. मलाय म्हाताऱ्याला काही कळलं असेल तर त्यानं दाखवलं नाही. रोज दुपारी बायको बहिणीला फोनवर सांगायची, "नाही गं झालं अजून, बारीक काम आहे. होईल या आठवड्यात." माझ्यासमोर बसून सांगायची. मी टीव्ही बघायचो.

तर ती शेवटची सकाळ. आकडे झाले. खालच्या हॉकरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, चहा घेतला, तिनं तिच्या डब्यातला उपमा मला अर्धा दिला. बस रिकामी होती. ती खिडकीशी. दोन स्टॉप गेल्यावर तिनं पिशवीतून वही काढली.

"इंजिन झालंय ना?"

"नाही."

"हे बघा. तीन हजाराला दोन पॉइंट चार. दुसऱ्या दिवशी दोन पॉइंट पाच. परत चार. परत पाच. तीन आठवडे तुम्ही फुगडी घालताय."

"तुला काय कळतंय इंजिनातलं?"

"इंजिनातलं नाही कळत. तुमचं कळतं." मग वही मिटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ती पुरती आंधळी व्हायची वाट बघताय का?"

मला राग आला. पकडलं गेलेल्या माणसाला येतो तसा. मी म्हणालो, "एवढं आहे तर जा की एकटी. मी अडवलंय का?"

ती एकटी जाणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. विमानतळावरच्या सरकत्या जिन्यावर पाय टाकायलासुद्धा तिला माझा हात लागायचा. म्हणूनच मी तसं बोललो.

तिनं वही पिशवीत ठेवली. आमचा स्टॉप आला तेव्हा म्हणाली, "बटण दाबा." घरी आल्यावर पाणी प्याली, बांगड्या मागं सारल्या आणि म्हणाली, "जरा पडते मी."

दुपारी दोन वाजता पडली. तिची झोप अर्ध्या तासाची असते. तीन वाजले, साडेतीन वाजले. मेहुणीचा फोन वाजून वाजून बंद झाला. मी मधे एकदा दारातून बघितलं, भिंतीकडं तोंड करून होती. मी हाक मारली नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं मला. उठली असती तर परत तारीख विचारली असती. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसलो.

पाच वाजता चहा केला. दोन कप. आत नेला तेव्हा कळलं.

मुलगा हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून धावत आला. ॲम्ब्युलन्सवाले आले, त्यांनी यंत्र लावलं, काढलं. घरात असं मरण आलं की इथं पोलीसही येतात, तशी पद्धत आहे. तरुण पोरगा होता, बूट बाहेर काढून आत आला. शेवटचं जिवंत कधी पाहिलं, विचारलं. मुलानं मराठीत सांगितलं. मी म्हणालो, "दोन वाजता." साडेतीनला दारातून बघितलं ते मी सांगितलं नाही. तेव्हा ती जिवंत होती की नव्हती ते मला आजही माहीत नाही. हाक मारली असती तर माहीत असतं.

तिला घेऊन गेले.

नंतर मुलाच्या ओळखीची इथली मराठी माणसं भेटायला येत राहिली, बुकित तिमाहहून, कुठून कुठून. चांगली माणसं, डबे आणायची. सगळ्यांचं एकच, "झोपेत गेल्या हो काकू, किती पुण्यवान. काही त्रास नाही." मी मान हलवायचो. कुणाला त्रास नाही? भिंतीकडं तोंड करून पडलेल्या बाईला त्रास नव्हता हे यांना कुणी सांगितलं? एका बाईंनी विचारलं, "शेवटचं काय बोलणं झालं काका?" मी म्हणालो, "काही नाही." त्या डोळे पुसून म्हणाल्या, "शांत स्वभावाच्या होत्या." शांत नव्हती. तिला बोलायला जागा ठेवली नव्हती मी.

गाडी त्या मलाय म्हाताऱ्यानं पुढं नेली. परवानगी मिळाली की नाही मी विचारलं नाही. लिफ्टमध्ये भेटतो, माझा हात दोन्ही हातांत धरतो. मला त्याच्या तोंडाकडं बघवत नाही. त्यालाही मी तीन आठवडे फसवलं होतं.

पण मला सांगायचंय ते ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं.

सकाळी नऊ वाजता मुलगा आणि मी शवागारात गेलो, ओळख पटवायला. काचेपलीकडं तिचं तोंड दाखवलं. मी म्हणालो, हो, हीच. बाहेरच्या खोलीत अंत्यसंस्काराचं बघणारा एक माणूस कागद घेऊन बसला होता, तमिळ, फार हळू बोलणारा. त्यानं मुलाला काहीतरी विचारलं.

मुलगा माझ्याकडं वळला. रात्रभर झोपला नव्हता. "बाबा, हे विचारतायत, इथेच करायचं की गावी न्यायचं? नेता येतं. तीन-चार दिवस लागतील कागदांना. आईच्या मनात काय होतं?"

"तिला गावी जायचं होतं."

"मग मला बोलली का नाही? मी लगेच तिकीट काढलं असतं."

"तिला तारीख मी देत नव्हतो."

तो बघत राहिला. "का?"

"मला जायचं नव्हतं," मी म्हणालो.

तो खुर्चीत मागं टेकला. मग म्हणाला, "मावशीला अजून सांगितलं नाहीये. काल धीर झाला नाही. मी करतो फोन."

"इकडं आण. मी करतो."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण मेहुणीला मी आपणहून कधी फोन केला नव्हता. तिकडं नुकतं उजाडलं होतं. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. "आक्का, काल किती फोन केले गं..."

"मी बोलतोय," मी म्हणालो. "तुझी आक्का वारली. काल दुपारी, झोपेत."

ती रडली. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. तिचं थांबेपर्यंत थांबायचं एवढंच मला करता येत होतं. मग मी म्हणालो, "आम्ही घेऊन येतो तिला. तीन-चार दिवस लागतील. तुला तोंड बघता येईल."

तिकडं तिनं नाक ओढलं.

"कशानं बघू, दाजी? उजवा डोळा गेल्या महिन्यातच गेला. डाव्यानं उजेड तेवढा कळतोय. आक्काला सांगितलं नव्हतं मी, जिवाला लावून घेतलं असतं तिनं. जिती आली असती तर हात लावून बघितलं असतं. बोलली असती माझ्याशी. आता गार पडलेलं तोंड चाचपायला आणू नका. तिथंच करा."

"बरं," मी म्हणालो.

"दाजी."

"बोल."

"इंजिन झालं का तुमचं?"

मुलगा माझ्याकडं बघत होता. तो हळू बोलणारा माणूसही.

"झालं," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला. मी फोन मुलाच्या हातात दिला, टेबलापाशी गेलो, आणि त्या माणसानं कागदावर जिथं बोट ठेवलं होतं तिथं सही केली.